हळदीचा शेक

कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी माणसांच्या टाचांकडे जाते. नव्या सुनेला बघायला बोलावलेलं असतं आणि मी तिच्या सासऱ्यांच्या टाचेवरची भेग न्याहाळत बसते. निवृत्त होऊन बऱ्याच दिवाळ्या झाल्या, तरी ही खोड जात नाही. माझी बहुतेक नोकरी सांगलीतल्या एका रुग्णालयात, मणक्याच्या वॉर्डात गेली. तिथं सिस्टर कशी आहे ते तिच्या पेशंटच्या टाचांवरून कळतं. टाच मऊ आणि स्वच्छ असेल तर सिस्टरचं लक्ष आहे. टाचेवर लाल चट्टा उमटला की समजावं, कुणीतरी कामात चुकारपणा केला.

मणका मोडलेल्या माणसाचे पाय कसले बघतेस, पाठ बघ की, असं मला माझ्या नणंदेनंही सुनावलंय. म्हणून आधी थोडं समजावून सांगते. ज्यांना डॉक्टरी गोष्टींचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा थोडा भाग खुशाल गाळावा, मी रागावणार नाही. वॉर्डात रागवायचं तेवढं रागावून झालंय.

पाठीच्या कण्यातून, मेंदूपासून खाली एक दोरी येते. करंगळीएवढी जाड आणि लोण्यासारखी मऊ. पुस्तकात तिला मज्जारज्जू म्हणतात, आमच्याकडे येणारे लोक नुसतं 'शीर' म्हणायचे. तिच्यातून मेंदूचे हुकूम खाली जातात आणि अंगाच्या बातम्या वर येतात. चटका बसला, खडा टोचला, लघवीला लागली, या सगळ्या बातम्याच. मणका मोडून ती दोरी चेंगरली की हुकूम थांबतात आणि बातम्याही थांबतात. हुकूम थांबले हे सगळ्यांना दिसतं, कारण पाय हलत नाहीत. बातम्या थांबल्या आहेत, हे मात्र घरच्यांच्या लक्षात राहत नाही. आमचा निम्मा वेळ त्यांना तेवढं एक बजावण्यात जायचा.

आणखी एक गोष्ट. माणूस पडला त्या क्षणी जी इजा होते ती तेवढ्यावर थांबत नाही. चेंगरलेला भाग तर गेलेलाच असतो. पण त्याच्या शेजारचा, अजून जिवंत असलेला भागही पुढच्या काही तासांत, काही दिवसांत मरायला लागतो. सूज येते, रक्त पोचत नाही आणि त्या पडझडीतून असे काही मोकाट कण सुटतात की ते धडधाकट पेशींनाही खात सुटतात. नातेवाइकांना मी हे वांग्यावरून सांगायची. वांगं चिरून उघडं ठेवलं की काळं पडतं ना? सुरी लागली तेवढीच रेघ काळी पडत नाही, सगळी फोड पडते. मग आपण ती पाण्यात टाकतो. तसं या शिरेला काळं पडू न देणारं काहीतरी डॉक्टर लोक कित्येक वर्षं शोधतायत. अशा औषधांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. लिंबू-आवळ्यातल्या क जीवनसत्त्वात तो गुण आहे, हळदीत आहे, आपलं शरीरही असं काही थोडंफार तयार करतं. उंदरांवरच्या प्रयोगात आशा वाटावी असं पुष्कळ दिसतं, असं आमचे डॉक्टर सांगत. पण माणसाला खात्रीनं द्यावं असं औषध माझ्या नोकरीत काही वॉर्डात आलं नाही. ती रुखरुख मी घरी घेऊन आले.

मग आमच्या हातात होतं काय? माणसाला हलू न देणं, रक्तदाब पडू न देणं, वेळेत ऑपरेशन करणं आणि कातडी जपणं. आतली शीर वाचवायची धडपड डॉक्टरांची, बाहेरची कातडी वाचवायची आमची. ज्याला दुखत नाही तो कूस बदलत नाही. एकाच अंगावर पडून राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी आतून सडायला लागते. म्हणून ठरल्या वेळी त्याला वळवायचं, तेही ओंडका वळवावा तसं, खांदा आणि कंबर एकदम. हेच काम, दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. मला हे काम आवडायचं, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

हलू न देणं म्हटलं खरं, पण वॉर्डात पोचेपर्यंत माणूस इतका हललेला असायचा की विचारू नका. कुणी पडलं की चौघं धावतात, एकेक हात-पाय धरतात, 'उचल रं, उचल' करत जीपमध्ये टाकतात आणि वर पाणी पाजायला मान उचलतात. सगळं मायेपोटी. वाईच्या एक शिक्षिका घाटाच्या पायरीवरून घसरल्या, तेव्हा त्यांच्या शेजाऱ्यांनी घराचं दार बिजागरीतून काढलं, बाईंना त्यावर सरळ निजवलं आणि तसंच दारासकट आमच्याकडे आणलं. त्या बाई काठी घेऊन का होईना, चालत घरी गेल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अहो, आमचं दार आधी परत पाठवा, घर उघडं पडलंय." असे शेजारी सगळ्यांना मिळायला हवे होते.

आणि आमची सांगली म्हणजे हळदीचं गाव. हळदीत तो गुण आहे हे मोबाइलवर फिरायला लागल्यापासून तर आमची धडगत नव्हती. हळदीचे एक व्यापारी भावाला घेऊन आले होते. त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर राजापुरी हळदीची पिशवीच आणून ठेवली. "डॉक्टर, पयल्या प्रतीची हाय. सलाईनमधनं सोडा." डॉक्टरांनी हात जोडून समजावलं. पिशवी परत न्यायला ते तयार होईनात, म्हणून ती उपाहारगृहात गेली आणि पुढं बरेच दिवस आमचं पिठलं, भात, उसळ सगळं एकाच रंगाचं झालं. त्या हळदीवर मी हसले होते. पुढं हसू आलं नाही.

विक्रमला कोरेगावकडच्या एका गावातून आणलं. तिशीतला गडी, दंड पैलवानाचे. पोल्ट्रीच्या शेडचं गळकं छप्पर बघायला वर चढला आणि सिमेंटचा पत्रा मोडून खाली आला. ऑपरेशन चांगलं झालं, पण कमरेखाली काही परतलं नाही. त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली, पोटावरचे टाके ओले, म्हणून ती घरी. मुलगी जन्मली तेव्हा तो वॉर्डात, त्यामुळे ती त्यानं मोबाइलवरच पाहिली होती. वॉर्डात येईल त्याला तो फोटो दाखवायचा आणि विचारायचा, "नाक कुनाचं वाटतंय?"

बरोबर त्याचे वडील, हणमंत आबा. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, पुढं शेती. बायको वारलेली. आबा बोलायला महाग. 'जी', 'व्हय' आणि 'न्हाई' एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. डॉक्टर आले की ताठ उभे राहत. पण हाताला वळण असं की विचारू नका. मी एकदा करून दाखवलं आणि दुसऱ्या वेळेपासून तेच मुलाला वळवू लागले. आमच्या वॉर्डबॉय मामांना खांद्याशी उभं करायचे, स्वतः कंबर धरायचे आणि फौजी हिंदीत हुकूम सोडायचे, "एक साथ!" सगळा वॉर्ड हसायचा. चादरीवर सुरकुती म्हणून दिसायची नाही.

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. घरी वळवायला, लघवीची नळी सांभाळायला, रोज पाय तपासायला खंबीर माणूस असेल, तरच विक्रमला घरी सोडता येईल. सून ओली बाळंतीण. म्हणजे उरले आबाच. ते नसतील तर त्याला लांब कुठल्या तरी संस्थेत ठेवायचं आणि मुलीनं बाप फोटोतच बघायचा.

एका दुपारी आबा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सिस्टर, हळदीत ते अँटी का काय असतंय, त्ये शिरंला वाचवतंय म्हनत्यात. खरं हाय का?"

मी म्हटलं, "आबा, गुण आहे तिच्यात. पण पोटातनं अंगात फार थोडी लागते आणि शिरेपर्यंत तर काय पोचणार? चिमूटभर दुधातनं द्या, त्याहून जास्त नको. बाकीची औषधं चालू आहेत."

"जी," म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, विषय संपला. पण त्या माणसानं आपल्या परीनं विचार केला. पोटातनं लागत नाही ना, मग वरनं लावू. पाठीवर टाके आहेत, तर पायांवर. आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलेलं. बर्फातली ड्यूटी करून, गुडघे धरून गावी आले की आधी आईनं आणि पुढं बायकोनं हळद-मिठाचा शेक दिलेला. आमच्या भागात कुणी कुणाला 'माझा जीव आहे तुझ्यावर' असं म्हणत नाही, शेक देतात. रुग्णालयाच्या मागं नातेवाइकांना पेज-चहा करायला शेगड्यांची शेड होती. तिथं आबांनी तव्यावर हळद-मीठ गरम केलं, धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि भाजतंय का ते स्वतःच्या तळहातावर लावून बघितलं. आता तो तळहात म्हणजे कुदळीचा आणि बंदुकीचा. त्याला कोमटच वाटलं.

माझी त्या दिवशी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात पाऊल टाकते तोच आबा जवळजवळ धावत आले. त्यांना धावताना मी प्रथमच पाहिलं.

"सिस्टर! त्याला ऊब लागली!"

"कुणाला?"

"इक्रमला. मी शेक देत हुतो. इचारलं, ऊब लागती का रं? तर म्हनला, लागती आबा, लय बरं वाटतंय. म्हनून पुन्यांदा दिला." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "शीर जागी झाली सिस्टर."

मलाही क्षणभर भरून आलं, खोटं का बोलू? मग 'शेक' हा शब्द कानात शिरला. मी जाऊन पायावरची चादर काढली. हळदीचा वास सगळीकडे भरलेला. दोन्ही पावलांवर टपोरे फोड आलेले आणि एका टाचेची कातडी पांढरी पडलेली.

मी विक्रमकडे पाहिलं. त्यानं मान भिंतीकडे वळवली.

आबा माझ्या मागं उभे होते. "पन तो म्हनला की. ऊब लागली म्हनला."

"आबा," विक्रम भिंतीकडे बघतच बोलला, "मला कायबी कळत न्हाई. तुमी तापवून तापवून आनत हुता. तुमचं त्वांड बघून न्हाई म्हनवंना मला."

आबांनी दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघितले आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले.

त्या दिवसापासून त्यांनी मुलाला हात लावणं सोडलं. औषधं आणायचे, कपडे धुवायचे, भांडी घासायचे. वळवायची वेळ झाली की दारात उभं राहून मामांना हाक मारायचे आणि तोंड फिरवायचे. 'एक साथ' बंद झालं. डॉक्टर चिडले. घरी सोडायचं लांबलं. वडिलांच्या हाताला धीर येणार नसेल तर संस्थेचं बघावं लागेल, असं म्हणाले. ते चूक बोलत नव्हते. आणि तिकडून सून फोन करायची, "कवा येनार?" मागं मुलगी रडत असायची.

मी आबांना सांगून पाहिलं. म्हटलं, तुम्ही काही पहिले नाही. गरम पाण्याच्या पिशव्या, तापलेल्या विटा, काय काय आणतात लोक इथं. बधिर पायाला चटका बसणं हे आमच्याकडे नेहमीचं आहे. कोपर लावून बघायला शिकवते तुम्हाला, हाताला कळत नाही ते कोपराला कळतं.

आबा जिन्याच्या पायरीवर बसूनच म्हणाले, "सिस्टर, फौजेत ज्याच्या हातनं आपल्याच मानसाला गोळी लागती, त्याची बंदूक काढून घेत्यात. माजं हात तर काढून ठिवता येत न्हाईत. म्हनून बाजूला बसलूय."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि उठून आले.

मग मी मोर्चा वळवला लेकाकडे. पडदा ओढला आणि अगदी सासूसारखी बोलले. "पाय भाजले हळदीनं, कातडी येईल. आबा भाजलेत ते तुझ्या 'बरं वाटतंय'नं. त्याला मलम कुठलं आणू?"

तो रडायला लागला. "खरं सांगितलं असतं तर खचलं असतं ओ ते."

"आता काय झालंय मग? बसलेत ना जिन्यावर?"

मी जास्त ताणलं नाही. एवढा धट्टाकट्टा गडी उशीत तोंड खुपसून रडत होता, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि ड्रेसिंगचं सामान घेऊन आले.

वाचकांना एव्हाना विचारावंसं वाटत असेल की विक्रम पुढं चालला का. सांगून टाकते. नाही चालला. आज तो चाकाच्या खुर्चीत बसून पोल्ट्री बघतो. मुलगी खुर्चीच्या मागच्या दांडीवर उभी राहते आणि बापाला 'जोरात, जोरात' म्हणते. दर दिवाळीला मी फोन करते. पहिल्या आंघोळीचं पाणी कढत नको, हे बजावायला. आणि पायाला जखम आहे का, हे विचारायला. आजवर एकही झालेली नाही. मणक्याच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, या 'नाही'ची किंमत काय ते.

पण तो घरी गेला कसा, ते सांगायचं राहिलं.

पावलांवरचे फोड सुकले होते, टाचेवर नवी गुलाबी कातडी धरली होती. एका दुपारी मी पट्टी उघडली आणि वळवण्यासाठी मामांना हाक मारणार, तोच विक्रम म्हणाला, "थांबा सिस्टर. आबास्नी बोलवा."

आबा आले आणि पायथ्याशी उभे राहिले, हात पाठीमागं बांधून.

"आबा, पायाला हात लावा."

"नगं."

"लावा म्हनतो की."

"सिस्टर हायेत, मामा हायेत. त्यास्नी करू दे."

"आवं, मामा काय आपल्या घरी येनार हायेत का?" विक्रमचा आवाज चढला आणि पुन्हा खाली आला. "मी डोळं झाकतो. तुमी हात ठेवा आनि कुठं ठेवला त्ये मला सांगा. मला कळत न्हाई. हितनं म्होरं कळतंय म्हननार न्हाई. तवा तुमीच सांगायचं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेमधला कापूस उगाच इकडचा तिकडे केला. मग त्यांनी आधी स्वतःचा हात गालाला लावून बघितला, गरम आहे का गार. आणि तो पायावर ठेवला.

"ठिवला का?"

"व्हय."

"कुठं?"

"पायावर."

"पाय केवढा मोठा हाय, आबा. पायावर कुठं?"

"घोट्यावर."

"कोनच्या?"

"डाव्या." आबांनी दुसरा हातही घोट्यावर ठेवला. "गार पडलाय रं. चोळत न्हाई, नुसता धरतो."

"बरं. मग?"

"आता वर आलो. ही पोटरी." त्यांनी ती ओंजळीत धरली. "लय वाळली रं पोटरी."

"वाळू द्या. म्होरं सांगा."

"गुडघा. गुडघ्यावर खून हाय बघ तुजी. कॅनॉलच्या पुलावरनं सायकल घिऊन पडला हुतास, त्याची. मी रजंवर आलो हुतो. तुला खांद्यावर टाकून दवाखान्यात न्हेलं. वाटभर आरडत हुतास." त्यांचा अंगठा त्या जुन्या व्रणावरून फिरत होता. "मी दरडावलं तुला, गप बस म्हनून. न्हान हुतास. दरडवाया नगं हुतं."

इतकं सलग बोलताना मी त्या माणसाला कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या लेकानंही ऐकलं नसावं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि पाणी कानशिलांवरून उशीवर उतरत होतं. मी ट्रे उचलला, पडदा ओढून घेतला आणि बाहेर उभी राहिले. मामा वळवायला आले होते, त्यांना हातानं थांबवलं.

मग आतून विक्रमचा आवाज आला.

"आबा, आता उजव्या पायाचं सांगा."